आटलेला मोजा

पुण्याहून आलेल्या लातूर गाडीतून येरमाळ्याला उतरले तेव्हा माझी एक चप्पल गर्दीत आतच राहिली. कंडक्टरने ती खिडकीतून फेकली. वर म्हणाला, "यात्रंला आलाव न्हवं? चपला कशाला लागत्यात?"

मी यात्रेला आले नव्हते, भांडायला आले होते. पुण्याच्या इस्पितळात भाजलेल्या मुलांच्या वॉर्डासाठी मी व्रण दाबून ठेवणारे घट्ट हातमोजे शिवते. इथल्या गौरीच्या आईने, सुरेखाने, फोनवर कळवलं होतं, "ताई, मोजा धुण्यात आटलाय." माझं कापड आटत नाही!

खरं तर मनात वेगळीच धास्ती होती. आठ वर्षांच्या गौरीच्या उजव्या हातावर दोन वर्षांपूर्वी उकळतं पाणी सांडलं आणि बोटं तळव्याला चिकटली. डॉक्टरांनी व्रण सोडवून कृत्रिम त्वचेचा पापुद्रा बसवला. तो रुजल्यावर त्यावर मांडीची पातळ कातडी लावली. बोटं सरळ झाली. पण मूल वाढतं, व्रण वाढत नाही. बोटं पुन्हा मिटत असतील, म्हणून तर मोजा काचत नसेल?

सुरेखाने आधी आंबील (ज्वारीच्या पिठाची आंबट पेज) पाजली आणि मापाचा टेप काढू न देताच चुन्याच्या रानात नेलं. चैत्री यात्रेत लोक इथे चुनखडीचे खडे वेचून ढीग घालतात आणि त्याच चुन्याने येडेश्वरीचं मंदिर रंगवतात. लेकीने उजव्या हाताने पाच खडे वेचावेत, असा सुरेखाचा नवस होता.

रानात पोचताच गौरीने मोजा काढला. मी भडकले. "या उन्हात?"

"पाच खड्यापुरताच, ताई. एरवी आंघुळीलाच काढती," सुरेखा म्हणाली आणि तिने लेकीच्या हातावर पदर धरला. मग मीही गुमान छत्री उघडली.

पहिला खडा आला. दुसरा दोनदा निसटला. शेजारी खडे वेचणारे एक आजोबा कळवळले, "डाव्या हातानं घे की, बाळा."

"न्हाय. ह्योच हात," गौरी म्हणाली. तिने दात-ओठ खात खडा उचलला.

पाचवा खडा ढिगावर पडला तेव्हा सुरेखा रडत होती. मीही रडले. कुणी विचारलं नव्हतं, तरी आजोबांना सांगितलं, "हिचे मोजे मीच शिवते!"

"व्हय? लई ब्येस!" आजोबा म्हणाले.

घरी गौरीने शहाबादी फरशीवर हात टेकवला. तळवा सपाट टेकला, एकही बोट वर राहिलं नाही. मी टेप लावला. मोजा शिवताना वहीत टिपलेल्या मापापेक्षा मधलं बोट नखभर लांब भरलं. पुन्हा मोजलं, तेवढंच. मला इतका आनंद झाला की सुरेखाशी भांडायचं राहूनच गेलं.

परतीच्या गाडीत मांडीवर खव्याच्या पेढ्यांचा पुडा होता. वॉर्डात तो वाटताना मी प्रत्येकाला ठणकावून सांगितलं, मोजा आटला नव्हता. गौरीचा हात वाढला होता, आणि ती उसनी कातडीही त्याच्याबरोबर वाढली होती.