पॉइंटची गॅप

ज्या दिवशी गाडी सुरू झाली, त्या दिवशी आमचे हे संपले. जायला मात्र पुढचा पावसाळा लागला.

आज यांना जाऊन वर्ष झालं.

मी फेसबुकवर कधी लिहीत नाही. आज गप्प बसवत नाही.

कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीतल्या नोकरीपासून यांच्याकडे ती जुनी गाडी होती. बेहालातल्या एकाही मिस्त्रीला तिचा डिस्ट्रिब्युटर उघडू दिला नाही. मला सांगायचे, "हा पंगतीतला वाढपी. ठिणगी क्रमाने, ज्याच्या त्याच्या पानात वाढायची. हा गडबडला की इंजिन शिंकतं."

मग पार्किन्सन्स आला.

डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन पॉइंट असतात, त्यांच्यात बारीकशी गॅप ठेवावी लागते. पातळ पत्ती घालून मोजायची आणि ती न हलवता स्क्रू आवळायचा. यांचा हात हलायचा. हे म्हणायचे, स्क्रूचे आटे गेलेत.

मीही तसंच म्हणायचे.

एका रविवारी स्क्रू बोटांतून सुटून आत पडला. हे पायरीवर जाऊन बसले. मी चिमट्याने तो काढला.

तिथूनच म्हणाले, "आता तू कर."

टॉप गिअर टाकून गाडी जराजरा ढकल, पॉइंट पूर्ण उघडले की थांब, असं बसल्या जागेवरून सांगत होते. शेजारचे बंगाली दादा खिडकीतून माझी, वहिनीची, थट्टा करत म्हणाले, "बौदी, आपनिओ मिस्त्री होये गेलेन?"

हे खूप हसले. "मिस्त्री कसली, अजून पत्ती उलटी धरते."

दोनदा चुकलं. मग इंजिन एका दमात सुरू झालं. शिंक नाही, धक्का नाही.

मी यांच्याकडे बघितलं. शाबासकी हवी होती मला.

"बरोबर झालंय."

एवढंच म्हणाले. हातांना काही लागलं नव्हतं, तरी फडक्याने पुसले. वर निघून गेले.

पुन्हा गाडीजवळ आले नाहीत. मी दर रविवारी बोलवायचे. हे म्हणायचे, "तुला येतंय की."

मुलगा म्हणतो, आईने बाबांची गाडी जिवंत ठेवली. सगळेच कौतुक करतात.

अहो, त्या दिवशी मी गॅप चुकवायला हवी होती.

प्रत्येक रविवारी थोडी चुकवायला हवी होती. तुम्ही वैतागला असता, हिला काही येत नाही म्हणाला असता, आणि पायरीवर बसून राहिला असता.

मला श्रद्धांजली लिहिता येत नाही.

नमस्कार करते.