पिवळी रेष आणि मिश्रीचा तवा

शाळा तंबाखूमुक्त करायचा आदेश आला आणि मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. शिवाजी पेठेतल्या भर उन्हात मी टेप धरून फाटकापासून शंभर यार्ड मोजले आणि रस्त्यावर पिवळी रेष मारून घेतली. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याने दुसऱ्याच दिवशी टपरी उचलून रेषेपलीकडे दोन हात नेऊन ठेवली. "बाई, आता कायद्यात हाय की मी!" म्हणाला आणि वर हसला. नियमाप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्तच संताप आला.

मग प्रत्येक शिक्षकाने घरच्यांचाही तक्ता भरायचा होता. आईला विचारलं, तंबाखू खातेस का? ती उखडलीच. "तंबाखू? माझ्या तोंडात कवा बघितलीस गं?" मी निमूटपणे 'नाही' लिहिलं.

आणि त्याच वेळी ती मागच्या दारी मिश्री भाजत होती! बाजारातून आणलेली सुटी तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दिवसातून तीनदा उंबऱ्यात बसून बोटाने दातांना घासायची. घरभर ठसका. पण ती दातांची वस्तू. तंबाखू खातात ते पुरुष, हे आमच्या घरात पक्कं. दुकानातल्या पुड्यांवर सडक्या तोंडाचं चित्र असतं. आईची तंबाखू यायची जुन्या वर्तमानपत्रात बांधून, त्यावर साड्यांच्या सेलची जाहिरात.

यंदा तिला तिखट सोसेना. दातांच्या डॉक्टरांनी "तंबाखू?" असं विचारलं, तेव्हा आम्ही दोघी एका सुरात "नाही" म्हणालो. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. दात लागत असेल म्हणून त्यांनी मलम दिलं. दोन महिने फुकट गेले. चट्टा वाढला, तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी तिचे काळे दात बघून सरळ विचारलं, "मिश्री किती वर्षं लावता?"

"लगीन झाल्यापास्नं," आई ऐटीत म्हणाली. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. रस्ता मोजत फिरले, आणि घरातला तवा मला दिसला नाही.

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेलाय. काल शाळेतून आले, तर दारातच ठसका लागला. गॅसवर तवा होता. मी किंचाळलेच. आईने मान वर न करता तंबाखू परतली आणि म्हणाली, "रिपोर्ट यायचा हाय न्हवं अजून? तोवर तरी लावू दे की."