सावकारीण

जानेवारीतलं धुकं कात्रजच्या घाटावरून उतरून थेट बसस्टॉपवर येऊन बसलं होतं. वेणूबाईनं मफलर कानावर ओढला, स्वारगेटला उतरली आणि तरातरा चालत सदाशिव पेठ गाठली. आठाच्या ठोक्याला ती तनुजाताईंच्या ओट्याशी कणीक मळत होती. तनुजाताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई.

वेणूबाईच्या डोक्यात एकच होतं. आज भिशीची फेरी संपणार. पेठेत पोळ्या लाटणाऱ्या चोवीस जणी दर महिन्याला तिच्याकडं सारखे पैसे देत. जिची चिठ्ठी निघेल, तिला सगळे मिळत. आज शेवटची, रतन. तिचे दिले की मोकळं व्हायचं आणि सासवडला लेकीकडं जायचं. हिराचे दिवस भरत आले होते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं.

"ताई, त्या बाया मला सावकारीण म्हणत्यात. शिवी दिल्यागत वाटतं बघा."

"शिवी कसली? मूळ शब्द साधुकार. साधू म्हणजे सज्जन, त्याचा झाला साव. चोर की साव, म्हणतो ना आपण? ज्याच्याकडे पैसा ठेवून माणसाला झोप लागते, तो सावकार. या पेठांतल्या सावकारांच्या हुंड्यांवर फौजा हलायच्या. पुढं त्यांनीच शब्दाची माती केली, तो भाग वेगळा. पोळी करपतेय."

वेणूबाईनं पोळी उलटली. सकाळभर ती मनातल्या मनात फुलत राहिली. साव. म्हणजे मी.

दुपारी देवळामागच्या पायरीवर बाया जमल्या. रतनच्या हातात नोटा दिल्या, तिनं दोनदा मोजल्या.

"बरं, पुढची भिशी दुसरीनं धरा. मी लेकीकडं चालले, साताठ महिने."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. वेणूबाई रतनकडं वळली.

"रतन, तू घे."

"माझ्या घरात? अवो, आमचे मालक देव्हाऱ्यातला रुपया सोडत न्हाईत!"

बाया हसल्या. मथुराबाई तेवढी हसली नाही. ती जवळ सरकून हळूच म्हणाली, "वेणूताई, राग नका मानू. समदं बरोबर हाय ना? बारा वर्सं धरली न् आज एकाएकी..."

"आत्ता तर सगळ्यांचं चुकतं केलं की!"

"तेच म्हंते. तरी मानसं बोलत्यात."

वेणूबाईनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकीच्या डोळ्यांत मात्र तोच प्रश्न होता. थांबली तर साव, गेली तर चोर. तिसरी वाटच नाही.

"चला," ती म्हणाली, "आणा पुढच्या फेरीचे. आधी नावं सांगा."

बाया मोकळ्या झाल्या, कुणी चहा सांगितला. तेवढ्यात हिराचा फोन आला.

"आई, उद्या येतीस ना?"

"न्हाई गं, बाई. चुलतसासूला बोलव आत्ता. मी रविवारी डोकावून जाईन."

पलीकडून हिरानं फोन बंद केला.

वेणूबाईनं पिशवी खांद्याला मारली. चार वाजताच्या कामाच्या घरी मेथीच्या दोन जुड्या निवडायच्या होत्या. तिथं जाऊन तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि पानं खुडायला घेतली.