पाच बापांची खूण

इन्शिराह कसायाची मुलगी. बोलण्याआधी तिचा हात चालायचा आणि छप्पन्नाव्या वर्षीही त्यात काही फरक पडला नव्हता. कैरोतल्या एका लहानशा संस्थेतर्फे ती बहिऱ्या, पांगळ्या, आंधळ्या माणसांना कामाला लावायची. नुसती लावून मोकळी व्हायची नाही. पहिले कित्येक आठवडे त्यांच्याशेजारी उभी राहायची, मुकादमाला खुणा शिकवायची आणि कोणी टिंगल केली तर त्याच्या कानाखाली आवाज काढायची. एका शिंप्याने लंगड्या मुलीच्या चालीची नक्कल केली, तेव्हा तिने त्याच्या पंजावर गरम इस्त्री टेकवली होती. त्यापायी दिवसभर पोलीस चौकीत बसली, पण पस्तावली नाही.

तिला सगळ्यात चीड होती ती ‘घरी बस’ या दोन शब्दांची. कायद्याने शंभर माणसांत पाच अपंग ठेवावे लागतात. मालक काय करतात? नाव पटावर चढवतात आणि सांगतात, येऊ नकोस, थोडाफार पगार घरी पाठवू. इन्शिराहचा धाकटा भाऊ बहिरा होता. लोक काय म्हणतील म्हणून बापाने त्याला माडीवरच्या खोलीत ठेवला होता. एकविसाव्या वर्षी त्याने तिथूनच खाली उडी टाकली. घरी बसवणं म्हणजे काय, ते तिने स्वतःच्या हाताने अंगणातल्या फरशीवरून पुसून काढलं होतं.

वगीह तिचा लाडका. सत्तावीस वर्षांचा, जन्मापासून बहिरा, मान बैलासारखी. त्याला तिने शहराच्या कडेला, दगडाचे कारखाने असलेल्या तेअबानच्या घळीत, हाजी दसूकीच्या संगमरवराच्या कारखान्यात चिकटवलं. हाजीने ‘घरी बस’चं पालुपद लावून पाहिलं, तिने दाद दिली नाही. शेवटी तीन महिन्यांची मुदत ठरली. तेवढ्यात एकही मारामारी झाली तर वगीह बाहेर. इन्शिराहने ही अट मान्य केली.

तिथला मुकादम खलफ. सईदी, म्हणजे मूळचा दक्षिणेकडचा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या आईने विधवा झाल्यावर वर्षाच्या आत दुसरा घरोबा केला होता, आणि त्यावरून कोणी नुसतं खाकरलं तरी हा अंगावर धावून जायचा. इन्शिराहने शिकवलेल्या खुणा त्याने कधी मनावर घेतल्या नव्हत्या.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना, मंगळवारी, इन्शिराह नेहमीसारखी वगीहला भेटायला गेली. करवत चालू होती, कानठळ्या बसत होत्या, वगीह बादलीने तिच्या पात्यावर पाणी मारत होता. खलफ क्रेनच्या कळीशी उभा होता. पट्ट्यांत बांधलेली भलीथोरली लादी वर लटकत होती आणि खाली त्याचा भाऊ बहगत गाडीवर लादी टेकवायला लाकडं मांडत होता. वगीहने मान वर केली, हातातली बादली टाकली आणि बहगतकडे, म्हणजे लादीखालीच, धावला. पाचही बोटांची टोकं जुळवून त्याने खलफला हात दाखवला. थांब. कैरोत ही खूण शेंबड्या पोरालाही कळते. पण खलफ थांबेना. मग वगीहने जिवाच्या आकांताने त्या जुळवलेल्या बोटांवर दुसऱ्या हाताचं बोट ठोकलं. थांब, थांब, थांब!

आता बोलत्या माणसांच्या जगात या खुणेचा अर्थ निराळा आहे. जुळवलेल्या पाच बोटांवर बोट ठोकलं की ‘तुला पाच बाप आहेत.’ याहून घाण शिवी हाताने देता येत नाही.

खलफने कळ सोडली आणि पहार उचलली.

“माझ्या आईला? बहिरटा, माझ्या आईला?”

पहिला घाव वगीहच्या उजव्या पंजावर बसला. दोन बोटं भलतीकडेच वळली. वगीहने डोक्याने धडक मारली. खलफचं नाक फुटलं, पुढचे दात धुळीत पडले. मग खलफचे तीन चुलतभाऊ आणि बहगत तुटून पडले. लाथा, फावड्याचे दांडे, दगड. कोणीतरी करवत बंद केली, तसा नुसता शिव्यांचा आणि धपाट्यांचा आवाज उरला. इन्शिराहने एकाचे केस धरून त्याचं तोंड गाडीवर आपटलं, दुसऱ्याच्या मनगटाला दात रुतेपर्यंत चावली.

आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की मार खातानाही वगीह मारणाऱ्यांकडे बघत नाहीये. तो वर बघत होता. रक्ताने भरलेल्या पंजाची मोडकी बोटं जुळवायची त्याची धडपड चालली होती.

ती खलफच्या समोर जाऊन उभी राहिली.

“मुडद्या, तो थांब म्हणतोय! हे बघ, असं!” आणि तिने बोटं जुळवून त्यांवर बोट ठोकलं.

रागाच्या भरात खलफला तिचे शब्द ऐकूच आले नाहीत, खूण तेवढी दिसली. त्याने तिच्या थोबाडीत अशी हाणली की ती गाडीच्या चाकावर आपटली आणि तिचा ओठ फाटला.

सगळे जागच्या जागी थिजले. आईच्या वयाच्या बाईवर हात, आणि तोही सईदी माणसाचा, ज्यांच्यात याहून मोठी लाज नाही! उगारलेले दांडे तसेच राहिले. त्या शांततेत वरून जाड कापड फाटल्यासारखा आवाज आला.

“पट्टा!” बहगत ओरडला, पण त्याचे पाय हलेनात. ज्याला तो आवाज ऐकू आला नव्हता त्या वगीहनेच त्याला डाव्या हाताने गचांडी धरून ओढलं. खलफने इन्शिराहला उचलून बाजूला फेकलं. लादी कोसळली आणि गाडीचा चेंदामेंदा झाला.

दुसऱ्याच दिवशी हाजीचा निरोप आला. वगीहचं नाव पटावर राहील, त्याने घरी बसावं. इन्शिराहने फोनवर हाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण अट तिनेच मान्य केली होती. ती हरली होती. प्लास्टरमधला हात घेऊन वगीह तिच्या स्वयंपाकघरात बसून होता, आणि तिला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

शुक्रवारी नमाजानंतर दार वाजलं. दारात खलफ, मागे त्याच्या भाऊबंदांतले सहा म्हातारे, आणि खलफच्या हातांवर घडी घातलेलं पांढरं कफन. असं कफन घेऊन खुनी माणूस मेलेल्याच्या घरी जातो, मारा नाहीतर माफ करा म्हणत. थोबाडीत मारल्याबद्दल कोणी ते आणत नाही. पण माफी मागायची याहून लहान रीत खलफला ठाऊक नव्हती.

“मावशी, हात तोडायचा तर तोड माझा,” तो बोळक्या तोंडाने म्हणाला. “भावाला वाचवणाऱ्याला मारलं मी, आणि तुला पण.”

“तुझ्या हाताचं काय लोणचं घालू? मला भरपाई पाहिजे. वगीह कामावर परत. घरी नाही, कारखान्यात.”

“मालक ऐकायचा नाही.”

“मालक उचलतो का रे दगड? तुम्ही उचलता. वगीहला आत घेत नाहीत तोवर तुमच्यातल्या एकानेही पाय ठेवायचा नाही. घे शपथ.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. खलफने शपथ घेतली. इन्शिराहला रडू फुटलं; फाटका ओठ झोंबत होता तरी आवरेना.

“याला ‘माफ कर’ कसं म्हणायचं?” खलफने विचारलं. तिने दाखवलं. त्याने कफन काखेत धरून वगीहसमोर ती खूण केली, चुकतमाकत.

वगीह डाव्या हाताने काहीतरी तुटक म्हणाला.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, माफीचं मागून बघू. पाणी मारायला एक हात पुरतो. उद्या किती वाजता येऊ ते सांग.”

खलफने कफन खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर करून वगीहपुढे सात बोटं धरली.