देवीच्या दारातला पाऊण तास

१४ डिसेंबर २०२४, शनिवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. बोट मुरगावच्या धक्क्याला लागली. मी आणि पत्नी साडेआठपासून चपला घालून केबिनमध्ये बसलो होतो.

मुंबईहून गोव्याला जाऊन परत, अशी दोन रात्रींची ही सहल मुलाने आखली होती. मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि आम्ही दोघे. मला समुद्राची हौस नाही. मी मुलुंडला घरीच थांबतो, असे एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. पत्नी मात्र गोव्याचे नाव निघताच तयार झाली. तिचे कारण वेगळे होते. नात जन्मली तेव्हा सोळा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या दिवसांत पत्नीने आमच्या कुलदेवीला बोलून ठेवले होते की, पोर घरी आली तर माझ्या हाताने तुझी ओटी भरीन. पोर घरी आली. ओटी राहिली. आधी माझा मोतीबिंदू, मग तिचे गुडघे. येत्या महिन्यात डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर देवळाच्या पायऱ्या चढता येतील की नाही, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते आणि तिने विचारलेही नव्हते.

बोटीच्या बसगाड्या किनाऱ्यावर आणि बाजारात जात होत्या. देवीचे देऊळ फोंड्याकडे, तिकडे एकही जात नव्हती. नातीला वाळू हवी होती. म्हणून ती तिघे बसने जातील आणि आम्ही दोघे टॅक्सी करून देवीला, असे ठरले.

मुलाने बजावले, "बोटीची बस उशिरा आली तर बोट थांबते. स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. अडीचच्या आत परत या, बाबा. अडीच म्हणजे अडीच."

"हे तू मला सांगतोस?"

चौतीस वर्षे मी कांजूरमार्गच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होतो. कामगारांची येण्याजाण्याची वेळ नोंदवणे हे माझे काम. कोणाच्या तोंडची वेळ मी कधी लिहून घेतली नाही. कार्ड दाखवा, असे म्हणत असे. त्या दिवशी मात्र बोटीचे वेळापत्रक मुलाच्या फोनमध्ये होते, अक्षरे बारीक होती, आणि मी त्याच्या तोंडची वेळ घेतली.

अडीचला फाटक बंद, म्हणजे आपण दीडला हजर. हा हिशेब मी पत्नीला सांगितला नाही. तिला "दीडला बोट सुटते" एवढेच सांगितले. घरी मी असेच सांगत आलो आहे. आमच्या भिंतीवरचे घड्याळही दहा मिनिटे पुढे असते.

बसने जाणाऱ्यांना आधी उतरवले. आमची रांग हलली तेव्हा साडेदहा झाले होते. टॅक्सी मिळाली. रस्त्यात मालाचे ट्रक होते, एका पुलाचे काम चालू होते. पत्नीने पिशवी मांडीवर धरली होती. तीत नारळ, हिरवा खण, तांदूळ, हळदकुंकू. खण तिने मुलुंडच्या तीन दुकानांत पाहून घेतला होता.

पायऱ्या ती कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. सभामंडपात पोहोचलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटे झाली होती. गाभाऱ्यावर पडदा ओढलेला होता.

"आत्ताच नैवेद्य सुरू झाला," पुजारी म्हणाले. "पाऊण तासाने दर्शन. बसा, वहिनी, पंख्याखाली बसा."

ती बसली. मी उभा राहिलो.

"चल."

"अहो, पाऊण तास तर आहे. मला वाटले, संध्याकाळीच या म्हणतात की काय."

"वेळ नाही."

"नऊ वर्षे देवी थांबली आहे. तिच्यासाठी आपण पाऊण तास थांबू नये?"

"बोट थांबणार नाही. ओटी पुजाऱ्यांकडे देऊन ठेव. ते भरतील."

"माझ्या हाताने, असे बोलले होते मी."

मी मनात मांडणी केली. पडदा उघडणार बारा वाजून पन्नास मिनिटांनी. ओटीला पंधरा मिनिटे, रस्त्याला सव्वा तास. धक्क्यावर दोन वाजून वीस मिनिटे. अडीचला दहा मिनिटे उरत होती. दहा मिनिटांच्या भरवशावर मी कधी काही सोडलेले नाही. मी पिशवी उचलली आणि चालू लागलो. काही वेळाने कठड्यावर तिच्या बांगड्या वाजल्याचे ऐकू आले. तिने पडद्याला नमस्कार केला होता की नाही, हे मी पाहिले नाही.

परतीचा रस्ता मोकळा होता. एक वाजून वीस मिनिटांनी आम्ही फाटकाशी होतो. तिथे कोणीच नव्हते. शिपायाने आमची कार्डे पाहिली, मग आम्हाला पाहिले.

"एवढ्या लवकर, काका? फाटक तीनपर्यंत उघडे आहे. बोट चारला सुटते."

पत्नी तिथल्या बाकावर बसली. मी म्हणालो, वर जाऊ. ती म्हणाली, पाय दुखतात. आम्ही तिथेच बसलो. समोर क्रेन चालू होत्या.

तीनला दहा मिनिटे असताना बसमधून ती तिघे उतरली. नातीचे केस ओले होते. मुलाने विचारले, "झाली का ओटी?"

"वेळ तीनची होती," मी म्हणालो.

तो ओशाळला. "हो. मी अर्धा तास हातचा ठेवला होता. आईला पायऱ्या उतरायला वेळ लागतो. खरी वेळ सांगितली असती तर तुमची धावपळ झाली असती."

दहा मिनिटे पुढे असलेल्या घड्याळाखालीच तो वाढला होता.

"आणि तुम्ही किती ठेवला होता हातचा?" पत्नीने मला विचारले.

"एक तास."

"बाप शेर, लेक सव्वाशेर म्हणतात. इथे उलटेच झाले." ती उठली, नातीच्या केसांतली वाळू झटकली. "जेवलीस का गं? चल, कोरडी हो आधी."

तिने आणखी टोमणे मारले असते तरी मी ऐकून घेतले असते.

साडेपाचला बोट उघड्या समुद्रात आली आणि हलू लागली. पत्नी भिंतीकडे तोंड करून पडली होती, उशीवर गुडघा ठेवून. कपाटात पिशवीतला नारळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला गडगडत होता. मी उठलो. नारळ बाहेर काढला, माझ्या टॉवेलात गुंडाळला आणि दोन चपलांच्या मध्ये घट्ट बसवला. मग थांबलो. देवीच्या नारळाजवळून चपला बाहेर काढल्या, त्या जागी माझे दोन धुतलेले सदरे लावले, आणि कपाटाचे दार लावून घेतले.