"समोरचा काय सांगेल?"

"हे वाक्य कोणत्या गावचं?" कोणाचेही बोलणे ऐकले की आमचे गणिताचे सर खडू कानावर ठेवून विचारत. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांचे कोडे रोज असे: खरेगावचा माणूस नेहमी खरे बोलतो, खोटेगावचा नेहमी खोटे, दोघे फाट्यावर उभे, एकालाच एक प्रश्न विचारून योग्य वाट शोधा. गंगाखेडच्या आमच्या शाळेत ही दोन गावे त्यांनी इतकी वर्षे वसवली, की पुढे शिक्षकांची खोलीही त्यांना त्यातलीच वाटू लागली. शिपाई म्हणाला, चहा येतोय, तरी ते खिडकीतून हॉटेलाकडे पाहून खात्री करून घेत. आम्ही बाकीचे शिक्षक हसत असू.

माझ्या मुलीला राणीसावरगावकडचे स्थळ आले, तेव्हा मात्र चौकशीला मी त्यांनाच सोबत नेले.

अशी चौकशी आपणही केली असेल. मुलाच्या घरी जाण्याआधी गल्लीत विचारायचे. किराणा दुकानदार म्हणाला, पोरगा सोन्यासारखा. सरांनी त्या कोड्याचा ठेवणीतला प्रश्न काढला: समोरच्या टेलरला विचारले, तर तो काय सांगेल?

"तो बी चांगलंच सांगंल की, गुरुजी. पोरीचं लगीन मोडायचं पाप कोण घेतंय?"

सर रस्त्यातच थांबले. कोड्यात निदान एक गाव खरे बोलणारे असते. येथे सगळेच भल्या मनाने "चांगला" म्हणणार होते. मग त्या शब्दावरून कळणार काय? टेलरला त्यांनी मुलाबद्दल विचारलेच नाही.

"मामा, तुमची लेक दिली असती का त्या घरात?"

मशीन थांबले. टेलरने दोरा तोडला, पुन्हा ओवला. "चहा घ्या, सर," एवढेच तो बोलला.

परतीच्या एसटीत मी चिडलो होतो. एक माणूस गप्प बसला म्हणून जमत आलेले लग्न मोडायचे? हा संशय आहे, पुरावा नव्हे, असे मी म्हणालो. सरांनी ते मान्य केले. 

"माझ्याकडंबी आले होते एकदा, एका पोराची चौकशी करायला," ते म्हणाले. "माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील. पोरगा पितो, हे मला ठाऊक होतं. तरी मी चांगला हाय म्हणलो."

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी नकार कळवला. तो मुलगा खरोखर कसा होता, हे आम्हाला कधीच कळले नाही. मुलगी अधूनमधून विचारते. ठाऊक नाही, असेच मी सांगतो.

सर जाऊन दोन वर्षे झाली. मागच्या महिन्यात दोन अनोळखी गृहस्थ माझ्या घरी आले. शेजारच्या मुलाबद्दल विचारत होते. तो आईवर हात टाकतो, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येते. "चांगला आहे" हे शब्द अगदी ओठांवर होते. त्यांच्यातले वडीलधारे माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते.

मी उठून दार लोटले, आणि बोलू लागलो.