येतो म्हणून राहिलेले साडू

निरोप घेण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढं होईल असंही वाटत नाही. चारचौघं एकदा निरोप घेतात आणि जातात. आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वर्ष उलटून गेलं तरी निरोपच घेत होते. त्याचं असं झालं, की त्यांची एकुलती एक मुलगी मस्कतला असते. आईबापांना कायमचं आपल्याकडे न्यायचं तिनं ठरवलं आणि दोघांच्या व्हिशाचे अर्ज एकदमच भरले. मेव्हणीबाईंचा झटक्यात मंजूर झाला. साडूंचा मात्र ‘प्रक्रियेत आहे’ म्हणून जो बसला, तो उठायचं नाव घेईना. मुलीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, म्हणून मेव्हणीबाई एकट्याच पुढं गेल्या. “बायाइची दरखास्त लवकर पास होते,” साडू मला समजावत म्हणाले. “त्याइच्यावर सरकारचा शक नसते, मास्तर.”

गोची एवढीच झाली, की दरखास्त दिली म्हणजे काम फत्ते, या हिशेबानं साडूंनी त्याच आठवड्यात निरोपाचे दौरे काढले होते. तलमडुगूकडचं त्यांचं गाव तर झालंच, पण गुडीहत्नूरचे व्याही, नार्नूरचे भाचे, कुण्या काळी एका बैलबाजारात ओळख झालेला कोणी, सगळीकडे जाऊन आले. आता परदेशी निघालेल्या माणसाला आमच्याकडे कोणी कोरडं पाठवत नाही. पुरणाचं जेवण, टॉवेल-टोपी, नारळ. साडूंकडे टोप्यांची चळत झाली. पुढं पोळ्याच्या सुमारास ते पुन्हा नार्नूरला दिसले, तेव्हा भाच्याच्या तोंडून निघून गेलं, “मामा, तुमी अजून गेले नाई?” साडू कडाडले, “काऊन? हाकलून राह्यला का मले?” भाच्यानं घाबरून पुन्हा पुरण शिजवलं आणि पुन्हा टोपी दिली.

घरातल्या चीजवस्तूंचंही तेच. जाणारा माणूस कशाला जीव अडकवील? म्हणून सागवानी खाट त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकली होती. आता दुपारी जेवण झालं, की शेजाऱ्याकडे जाऊन त्याच खाटेवर ताणून देत. बिचारा शेजारी ओसरीवर बसून त्यांच्या उठण्याची वाट बघे. शेत पुतण्याच्या हवाली केलं होतं, पण सकाळी सकाळी कपाशीच्या धुऱ्यावर उभं राहून, “अबे, पऱ्हाटीले असं डवरतेत का?” हे सुरूच. पुतण्या माझ्याजवळ येऊन हात जोडायचा. “मावसाजी, तुमची कुठी वळख असन तं पाहा. काकाले धाडा एकदाचं.”

दर मंगळवारी साडू आदिलाबादला यायचे. आधी कॉम्प्युटर सेंटरवर. तिथला तेलुगू दुकानदार त्यांना लांबून बघूनच मान हलवायचा, “इंका रालेदु, पटेल!” म्हणजे अजून आलं नाही, हे साडूंना आता तेलुगूसकट पाठ झालं होतं. तरी ते पडदा स्वतः बघत, मग आमच्याकडे येत. शुभ कामाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवायचं, म्हणून माझ्या बायकोनं पहिल्या खेपेला चमचाभर साखर घालून त्यांच्या तळहातावर दही ठेवलं. तेव्हापासून मंगळवार आणि दही हे लागूच झालं. साडू हात पुढं करत, दही चाटत, डोळे मिटून “येतो” म्हणत आणि पुढच्या मंगळवारी खरंच येत. बायको म्हणायची, “भाऊजींच्या व्हिसापायी माझं विरजण म्हणून मोडलं नाई.”

मस्कतचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. बायकोवाचून करमत नव्हतं, एवढंच. पण हे बोलून दाखवायची आमच्याकडे रीत नाही. ते आमच्या घरून मेव्हणीबाईंना व्हिडिओ कॉल लावत आणि खेकसत, “वो, मिठाचा डब्बा कुठी ठेवला? चार दिस झाले, अळणी खाऊन राह्यलो!” तिकडून मेव्हणीबाई शांतपणे सांगत, “चुलीच्या वरच्या फळीवर. डाव्या अंगाले.” पुढच्या मंगळवारी पुन्हा तोच डबा, तीच फळी. एकदा आम्ही त्यांच्या गावी गेलो, तर डबा चुलीशेजारी उघडाच होता आणि साडूंनी वरणात न बघता मीठ टाकलं. मला हसू आलं. बायकोला मात्र रडू आलं.

आणि व्हिसा आला तो नेमका गुरुवारी. जावयानं शनिवारचं तिकीट काढलं. शुक्रवारी सकाळी पुतण्याच्या मोटरसायकलवरून साडू दारात उतरले, डोक्यावर कोरी टोपी, हातात बॅग. “गावात कोनी इस्वासच ठेवना,” ते म्हणाले. “येतो म्हन्लं, तं मारुतीच्या पारावरचे हासून म्हनतेत, या या, संध्याकाळी चहाले या.” ते हसले. मग सवयीनं त्यांनी हात पुढं केला.

बायको आत गेली ती बाहेरच येईना. दही मंगळवारचं, शुक्रवारी घरात दह्याचा ठिपका नव्हता. ती रिकामी वाटी घेऊन दारात उभी राहिली आणि मुसमुसायला लागली. साडूंनी पुढं केलेला हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.

“रडता काऊन, बाई? तुमचं मांगचंच दही अजून जिरलं नाई. येतो.”

हैदराबादच्या बशीत मी त्यांना बसवून दिलं. पोचवायला आम्ही दोघंच, मी आणि पुतण्या. काकाला धाडा म्हणून हात जोडणारा हा गडी बस वळली तसा दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

मंगळवारी दही लागलं होतं, छान घट्ट. नवराबायको दोघंच जेवायला बसलो. वरण जरा अळणी होतं. मिठाचा डबा माझ्या ताटाला लागूनच होता.

“वो,” मी बायकोला विचारलं, “मीठ कुठी ठेवलं?”